कोपराच्या खळगीत

रिपोर्ट चुकला की पेशंट लॅबच्या मशीनला नावं ठेवतो आणि लॅबवाला मशीनच्या कंपनीला. खरं तर आजची यंत्रं फारशी चुकत नाहीत. प्रयोगशाळांमधल्या चुकांचा जगभर अभ्यास झाला, आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रापाशी पोचण्याआधीच झालेल्या असतात. कधी एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव पडतं, कधी पट्टा फार वेळ आवळलेला राहतो, कधी नळीच चुकीची असते, कधी पेटी उन्हात राहते. यंत्र लाखाचं असो की कोटीचं, हातात आलेलं रक्त जसं असेल तसाच आकडा ते देणार. रिपोर्टचं भवितव्य बऱ्याचदा कोपराच्या आतल्या दोन बोटं रुंद खळगीत ठरतं. ते ठरवणारा माणूस म्हणजे ज्याला आपण नाव न विचारता ‘रक्त काढणारा पोरगा’ म्हणून मोकळे होतो, तो.

हे काम मोठ्या शहरातल्या चकचकीत कलेक्शन सेंटरात बघण्यात मजा नाही. तिथं वातानुकूलन असतं, शेजारच्या टेबलावर दुसरा तंत्रज्ञ असतो, आणि नमुना खालच्याच मजल्यावर जातो. म्हणून होटगी निवडलं. सोलापूरपासून पंधरा-एक किलोमीटर, दक्षिण सोलापूर तालुका. गाव वेगळं आणि होटगी स्टेशन वेगळं. मुंबई–चेन्नई मार्गावरून विजापूर-गदगची लाईन इथून फुटते. १८८४ साली ती मीटरगेज म्हणून टाकली गेली, आता ब्रॉडगेज आहे. एका बाजूला सिमेंटचा कारखाना, दुसऱ्या बाजूला शेती, आणि बोलणं मराठीत सुरू होऊन कन्नडात संपणारं. दंडही त्यामुळे तऱ्हेतऱ्हेचे. पोती उचलणाऱ्याच्या दंडावर नस दुरूनच दिसते. साखरेचा आजार असलेल्या गुबगुबीत मावशींच्या दंडावर बोट फिरवत बसावं लागतं.

गावातली खोली दहा बाय बाराची. नमुने गोळा करून सोलापूरला पाठवायचे, एवढंच तिचं काम. चालवणारी तंत्रज्ञ तिशीतली, डीएमएलटी म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका केलेली. तरणी पोरं तिला मॅडम म्हणतात, म्हातारे बाई म्हणतात, कन्नड बोलणाऱ्या बायका अक्का म्हणतात. सकाळी साडेसहाला बाकावर उपाशीपोटी शुगरवाले बसलेले असतात आणि त्यांना चहाची घाई असते.

एका हाताला ती किती वेळ देते, ते आधी सांगतो. खुर्चीत बसवल्यावर ती पहिल्यांदा नाव विचारते. “तुम्ही अमुक ना?” असं विचारत नाही, “नाव सांगा तुमचं” म्हणते. अमुक ना म्हटलं की अर्धवट ऐकू येणारा म्हातारा कशालाही मान डोलावतो. मग हात सरळ करून टेबलावर, तळवा वर. कोपराच्या वर चार बोटांवर पट्टा. मग डोळ्यांनी नव्हे, तर्जनीच्या टोकाने शोध. “नस दिसायला नको, लागायला पाहिजे,” ती म्हणते. दिसणारी निळी रेघ पुष्कळदा कातडीलगतची बारीक शीर निघते. कामाची नस खोल असते, बोटाखाली दाबली की उसळून वर येते. स्नायूची दोरी उसळत नाही. आणि ठोका लागला तर बोट तिथून उचलायचं, कारण ती धमनी.

या खळगीत तीन नसा कामाच्या. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सिफॅलिक, करंगळीच्या बाजूने जाणारी बॅसिलिक, आणि दोघींना तिरकं जोडणारी मधली मीडियन क्युबिटल. पहिला मान मधलीचा, कारण ती जाड असते, कातडीजवळ असते, आणि खालच्या पडद्यामुळे जागची फारशी हलत नाही. जाड माणसात सिफॅलिक हाताला लागते. बॅसिलिक दिसायला छान, पण तिच्या आसपास दंडाची मुख्य धमनी आणि मज्जातंतू असल्यामुळे तिच्याकडे नाइलाज झाल्यावरच वळायचं. सुई टोचल्याबरोबर बोटांपर्यंत करंट गेला असं पेशंट म्हणाला, तर शोधाशोध न करता सुई बाहेर. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, अंगवळणी पडायला दोन वर्षं.

पट्ट्यामागचं गणित साधं, पण बाकावरच्या कुणाला ते कुणी सांगितलेलं नसतं. धमनीतला दाब आपण बीपी म्हणून मोजतो तो, १२०-८०. कोपरातल्या नसेत दाब पाऱ्याच्या दहा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. पट्टा या दोहोंच्या मधे बसवायचा. हाताकडे येणारं रक्त येत राहिलं पाहिजे आणि परत जाणारं अडलं पाहिजे. मग नस फुगते. पट्टा इतका आवळला की मनगटाची नाडीच बंद झाली, तर येणंही थांबतं, आणि मग फुगायला आहेच काय? आणि मिनिटाच्या वर तो बांधलेला राहिला, तर अडलेल्या रक्तातलं पाणी नसेच्या भिंतीतून झिरपून बाहेर जातं, पेशी आणि प्रथिनं मागे उरतात. हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, सगळं खऱ्यापेक्षा थोडं चढून दिसतं. त्या वेळेत पेशंटने मूठ उघडझाप केली, तर पोटॅशियमही चढतं. आपल्याकडे “मूठ उघडा, बंद करा, उघडा, बंद करा” हे इतकं रुळलंय की रुग्ण न सांगताच सुरू करतो. ही बाई त्याचा हात धरून थांबवते. “मूठ एकदाच मिटायची, मामा. पंप मारायचा नाही.”

एक निवृत्त गँगमन बाकावर होता. आयुष्य रुळांवर गेलेलं. त्याने विचारलं, “हे रक्त तुम्ही जाणाऱ्या लाईनचं काढताव का येणाऱ्या?” परत जाणाऱ्या, ती म्हणाली. हृदयातून सुटलेलं रक्त धमनीतून हाताला येतं, बोटांच्या टोकाशी केसाहून बारीक वाहिन्यांत शिरतं, तिथं प्राणवायू सोडतं, आणि नसेवाटे माघारी जातं. म्हातारा विचारात पडला. “म्हणजे डबल लाईन आहे की. आमची गदगची सिंगल होती. जाणारी-येणारी एकाच रुळावर. इथं तसं नाही.” आणि मग, “गाडी उलटी आली तर?” येत नाही, कारण नसेत ठिकठिकाणी झडपा असतात, हृदयाकडे उघडणाऱ्या. शरीराची रेल्वेशी तुलना करणारे पुष्कळ लेख मी वाचलेत, बहुतेक कंटाळवाणे. पण ज्या एका जागी तुलना मोडते, ती जागा या माणसाने दोन वाक्यांत शोधली. ती शोधायला युरोपला दीड हजार वर्षं लागली होती.

गॅलेन या प्राचीन वैद्याच्या काळापासून तिकडे समज असा, की यकृतात अन्नापासून सतत नवं रक्त तयार होतं, ते अंगभर पसरतं आणि शेतातल्या पाण्यागत जिरून जातं. रक्त परत येतं, हा विचारच नव्हता. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली छोटं लॅटिन पुस्तक काढून तो मांडला. त्याचा हुकमी पुरावा रक्त काढणाऱ्यांच्या रोजच्या हत्यारातूनच आला होता, दंडावरच्या बंधातून. तेव्हा नस कापून रक्त सांडणं हा सर्रास उपचार होता आणि बंध ते काम करणाऱ्या प्रत्येक न्हाव्याला माहीत होता. बंध बांधल्यावर नस बंधाच्या खालच्या बाजूला, हाताकडे फुगते. रक्त जर हृदयाकडून नसेवाटे हातात येत असतं, तर फुगायला हवी होती वरची बाजू.

त्याचा दुसरा प्रयोग वाचकाने आत्ता करून पाहावा, काही टोचायचं नाही. दंडाला रुमाल बेताने बांधा आणि हात खाली सोडा. पुढच्या हातावर नसा उठतील, आणि त्यांवर मधे मधे बारीक गाठी दिसतील. त्या झडपा. मनगटाकडच्या बाजूला नसेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून वर, कोपराकडे, पुढच्या गाठीच्या पलीकडे रक्त ढकला आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. वरचं रक्त खाली येऊन तो भरत नाही, झडप आडवी येते. आता खालचं बोट उचला, तुकडा क्षणात भरतो. झडपा हार्वेचा पदुआतला गुरू फॅब्रिशियस यानेच दाखवल्या होत्या, पण त्या कशासाठी आहेत ते त्याला नीट उमगलं नव्हतं.

हार्वेने मग हिशेब केला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं आणि मिनिटाला सत्तरेक ठोके मारतं. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि साठ किलोच्या माणसाच्या अंगात एकूण रक्त तेवढंच, चार-साडेचार ते पाच लिटर. मिनिटाला पाच लिटर नवं रक्त यकृत कुठून काढणार? तेच ते फिरत असलं पाहिजे. फक्त धमनीतून नसेत ते कुठून ओलांडतं, हे हार्वेला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्या केशवाहिन्या पाहिल्या.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रक्ताभिसरणाचा शोध आधीच लागला होता, असं सांगणारे भेटतात. तो दावा मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. सुश्रुताच्या ग्रंथात जे खरोखर आहे ते जास्त थक्क करणारं आहे. शारीरस्थानाचा आठवा अध्याय सबंध शिराव्यधावर, म्हणजे नस टोचण्यावर आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात सातशे शिरा मोजल्या आहेत, आणि त्यांपैकी अठ्ठ्याण्णव टोचू नयेत म्हणून बाजूला काढल्या आहेत: हातापायांत सोळा, धडात बत्तीस, मानेच्या वर पन्नास. आठव्यात मग चुकीच्या व्यधाचे वीस प्रकार येतात. नस नीट न उठवता टोचलेली अनुत्थितविद्धा, तिरकी टोचलेली तिर्यग्विद्धा, प्रमाणाबाहेर टोचलेली अतिविद्धा, बंध चुकीच्या जागी बांधल्याने थरथरणारी वेपिता, आणि पुन्हा पुन्हा टोचलेली पुनःपुनर्विद्धा. मी ही नावं होटगीच्या त्या खोलीत वाचून दाखवली तेव्हा बाई हसायला लागली. “हे आमच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मार्क कापायचे मुद्दे आहेत.” सिद्धांत चूक असला तरी हाताचं निरीक्षण चोख असू शकतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

नस लागली, सुई आत गेली, तिरकी धार वर, कातडीशी पंधरा ते तीस अंशांचा कोन. त्याआधी स्पिरिट लावून अर्धा मिनिट वाळू दिलेलं असतं. फुंकर मारायची नाही. ओल्यावर टोचलं तर झोंबतं, आणि स्पिरिट रक्तात गेलं तर पेशी फुटतात. नळीत येणारं रक्त काळपट लाल. त्याला निळं म्हणायची पद्धत आहे, पण निळं रक्त माणसात नसतं. भडक लाल आणि ठोक्याठोक्याने उसळत आलं, तर धमनी लागली समजायचं, सुई काढायची आणि पाच मिनिटं दाबून धरायचं.

नळ्यांच्या रंगांबद्दल बाकावर कुतूहल फार. “इतक्या बाटल्या कशाला, एकातच सगळं बघा की.” प्रत्येक रंगाच्या टोपणाखाली वेगळी पूड किंवा द्रव असतो. निळ्यात सोडियम सायट्रेट, रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. त्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावंच लागतं, अर्धी भरलेली निळी नळी टाकून द्यायची. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात, वर राहतं ते सिरम, त्यातून किडनी, लिव्हर, थायरॉईड. जांभळ्यात ईडीटीए, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमविना रक्त गोठत नाही, म्हणून पेशी मोजायला, सीबीसीला ती. राखाडीत फ्लोराइड, साखरेसाठी. भरण्याचा क्रमही याच ओळीने, निळी, लाल-पिवळी, जांभळी, राखाडी. क्रम उलटला आणि जांभळीतला अंश पिवळीत गेला, तर ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असल्याने पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं.

पोटॅशियमचा घोळ सगळ्यात घातक. रक्तात ते साडेतीन ते पाच असावं. सातच्या पुढे गेलं की हृदय बंद पडण्याची भीती. पण लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या पाण्यापेक्षा वीस-पंचवीस पट असतं. सुई फार बारीक वापरली, सिरिंज जोरात ओढली, किंवा सुई न काढता दट्ट्या दाबून रक्त नळीत पिचकारलं, की पेशी फुटतात. सिरम पिवळसर असायचं ते गुलाबी होतं, आणि धडधाकट माणसाचं पोटॅशियम साडेसहा-सात. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला असाच आकडा बघून रात्री गाडी करून शहरात नेलं होतं. सगळं घर रडत गेलं. तिथं पुन्हा काढलेलं रक्त चार पूर्णांक दोन. दंडावर बसलेल्या चुकीची किंमत एका रात्रीचं गाडीभाडं, आयसीयूची अनामत रक्कम, आणि म्हातारीचा चढलेला बीपी. तो रिपोर्ट देणाऱ्या यंत्राचा दोष काडीचा नव्हता.

मग सोलापूरचं ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस इथं नवलाचा नाही. नळीत आलेल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते, उकाड्यात आणखी वेगाने. फ्लोराइडने ती थांबते, पण तेही लगेच नाही, पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. सकाळी साडेसहाला काढलेलं रक्त मोटारसायकलच्या डिकीतून अकराला पोचलं, तर मधुमेही माणूस कागदावर बरा होऊन जातो. आणि उत्साहाने सगळंच बर्फात ठेवलं, तर न वेगळ्या केलेल्या रक्तात पेशींमधलं पोटॅशियम गारठ्याने बाहेर यायला लागतं. म्हणून पेटी थंड हवी, पण नळी बर्फाला टेकता कामा नये. या खोलीत थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांवर जाड टॉवेल आणि त्यावर नळ्यांचा स्टँड असतो. पुस्तकात टॉवेल नाही, बाईच्या डोक्यातून आलाय.

आता बोटाचं रक्त. आशाताई किंवा सर्वेक्षणवाले येतात तेव्हा दंडाला हात लावत नाहीत, बोट टोचून थेंब घेतात. तो थेंब केशवाहिन्यांचा असतो, त्यात धमनीचं, नसेचं आणि पेशींमधल्या पाण्याचं मिश्रण असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचं नाही, नाहीतर पाणी मिसळून हिमोग्लोबिन खोटं खाली येतं. छोटी गोष्ट वाटते, पण हिच्यावरून देशाच्या धोरणात वाद झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आधीच्या फेरीत त्या ४८ टक्के होत्या. ही मोजणी बोटाच्या थेंबावरची. उलट २०१६-१८ मधल्या मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात नसेतून रक्त घेतलं होतं, त्यात चार वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण ४१ टक्के आलं, तर जवळपास त्याच काळातल्या कुटुंब पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांत अठ्ठावन्नच्या वर. यातून रक्तक्षय कुटुंब पाहणीतून काढून नसेच्या रक्तावर मोजायची वेगळी पाहणी करायचं ठरलं.

थेंबाने आकडा फुगत असेल, हे मी मान्य करतो. पण होटगीच्या शेजारी कुंभारी आहे, तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे. सूप मांडीवर घेऊन दिवसभर पानं वळणाऱ्या त्या बायकांची खालची पापणी ओढून कुणी पाहिली, तर नसेचं की बोटाचं या वादाआधी हातात लोहाच्या गोळ्यांचं पाकीट घ्यावंसं वाटेल. मोजमाप सुधारावं, पण त्या निमित्ताने दुखणं लहान ठरवू नये.

बोटाच्या थेंबाचा सगळ्यात विलक्षण उपयोग रात्रीचा. सोलापूर हा राज्यातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो. हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात येतात. पण ती दिवसा बोटाच्या रक्तात जवळपास नसतातच, फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाऊन बसतात. रात्र झाली की अंगभर फिरायला निघतात. क्युलेक्स डास रात्री चावतो, त्याच्या पोटात जायचं असेल तर रात्रीच कातडीजवळ असलं पाहिजे. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईसने हे जंत माणसाच्या रक्तात पाहिले. पुढे चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने ते डासात वाढतात हे दाखवलं आणि त्यांचं रात्रीचं वेळापत्रकही उलगडलं. रोग डासातून फिरतो हे शास्त्राला पहिल्यांदा कळलं ते मलेरियात नव्हे, हत्तीरोगात.

म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री आठ ते बाराच्या दरम्यान दार वाजवतात. १९५५ पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. गावात रात्री टॉर्च घेऊन दारात आलेल्या अनोळखी माणसाला बोट कोण देईल? झोपलेलं पोर उठवावं लागतं, घरातली सासू विचारते दिवसा का नाही आलाव. या कामात वर्षं घातलेल्या एका कर्मचाऱ्याने त्यांचं उत्तर सांगितलं: “मावशी, चोर दिवसा सापडतो का?” तीन थेंब, काचपट्टीवर जाड पसरायचे, रात्रभर वाळू द्यायचे, दुसऱ्या दिवशी पाण्याने लाली धुवून रंगवायचे. जंत दिसला तर औषध. देशातून हत्तीरोग संपवायचं लक्ष्य २०२७ आहे. रक्ताभिसरण शाळेत शिकवताना हा धडा कुणी का घेत नाही, मला कळत नाही.

सोलापूरचा आणि रक्ताचा एक धागा फार दूर जातो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४१ मध्ये ज्या रुग्णालयाचे संचालक झाले ते नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाच्या नावाचं होतं. बेथ्यूनचं नाव वैद्यकात आहे ते मुख्यतः रक्तासाठी. १९३६ च्या शेवटी स्पेनच्या यादवी युद्धात त्याने माद्रिदमध्ये नागरिकांचं रक्त बाटल्यांत साठवून गाडीने थेट आघाडीवर नेलं. जखमीला रक्ताकडे आणण्याऐवजी रक्त जखमीकडे. त्या बाटल्यांत रक्त पातळ ठेवणारं द्रव्य सायट्रेटच, निळ्या टोपणाखाली असतं ते. चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतू रक्तात भिनले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात बेथ्यून गेला. सुई टोचली तर काय एवढं, म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, तिने सरळ भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जावं, हा नियम त्यासाठीच आहे.

रक्तदानाच्या पिशवीतही सायट्रेट, सोबत साखर आणि अडेनिन, त्यामुळे रक्त ३५ दिवस टिकतं. जयंतीला, गणपतीत, नेत्यांच्या वाढदिवसाला या भागात शिबिरं जोरात होतात. पण ४५ किलोच्या खालचा माणूस किंवा साडेबाराच्या खालचं हिमोग्लोबिन असलं तर नाही म्हणायची हिंमत स्वयंसेवकात हवी. एका वेळी ३५० मिलिलिटर, वजन ५५ च्या वर असेल तर ४५० पर्यंत. पुन्हा द्यायचं तर पुरुषाने तीन महिने, बाईने चार महिने थांबायचं. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशात बंदी आली ती १ जानेवारी १९९८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. त्याआधी मोठ्या इस्पितळांच्या फाटकाबाहेर फिकट चेहऱ्याची तीच ती माणसं उभी असत.

गट तपासताना तंत्रज्ञ दोन्हीकडून तपासतो, पेशींवरूनही आणि सिरमवरूनही. का, त्याचं एक उत्तर मुंबईत सापडलं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवाच प्रकार नोंदवला. पेशींची तपासणी म्हणते ‘ओ’, पण त्या माणसाचं सिरम ‘ओ’च्या पेशींच्याही गुठळ्या करतं. ए, बी ज्या पायावर उभे राहतात तो एच हा पायाच या लोकांत नसतो. त्यांना ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतेल, फक्त त्यांच्यासारख्याच दुसऱ्याचं चालतं. जगभर हा गट ‘बॉम्बे’ म्हणूनच ओळखला जातो. भारतात अंदाजे दहा हजारांत एक. एकाच बाजूने तपासून ‘ओ’ लिहिणाऱ्या घाईच्या लॅबमध्ये तो पकडला जात नाही.

या सगळ्या कामाला कायद्याने चौकट मिळाली ती अलीकडे, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याने. त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा वर्ग आहे. चौकट गावापर्यंत उतरायला वेळ लागेल. तोवर कुठं शिकलेला हात आहे आणि कुठं दोन महिने बघून शिकलेला, हे पेशंटला ओळखता येत नाही.

होटगीत नऊ वाजेपर्यंत बाक रिकामा होत आला. शेवटी एक आजी राहिल्या, ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही दंड सुरकुतलेले, नस हाताला लागली की बाजूला सरकणारी. नियम असा, की एकाने दोनदाच टोचायचं आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. इथं दुसरा हात सोलापूरला. “अंजबेड्री, आज्जी,” घाबरू नका, असं बाई कन्नडात म्हणाली आणि आधी कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल हातावर गुंडाळला. हात पाच मिनिटं खुर्चीखाली लोंबता ठेवला. कातडी अंगठ्याने खाली ताणून नस जागेवर धरली, हाताच्या पाठीवर बारीक बटरफ्लाय सुई लावली. दोन थेंब आले आणि थांबले. दुसऱ्या हातावर पुन्हा तसंच, तिथं तेवढंही नाही. तिने तिसऱ्यांदा टोचलं नाही. कापूस दाबून धरत विचारलं, “काल रात्रीपासून पाणी प्यायलाव का?” उपाशीपोटी म्हटल्यावर आजींनी पाणीसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. उपास अन्नाचा, पाण्याचा नाही, हे नातवाला चिठ्ठीवर लिहून दिलं, पैसे परत केले, आणि दुसऱ्या दिवशी दोन तांबे पाणी पाजून आणायला सांगितलं.